साबणाची कांडी

बाळाने पोटातून बाहेर कधी यावे हे शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी ठरवले. त्याने रुग्णालयातून घरी कधी यावे हे मात्र पंचांगाने ठरवले, आणि च्यु घराण्यात दुसऱ्या निर्णयाला पहिल्यापेक्षा अधिक मान होता. प्रसूतीनंतरचा तिसरा दिवस गृहप्रवेशाला उत्तम, त्यानंतरचे बरेच दिवस वर्ज्य. तालुक्याच्या रुग्णालयातल्या परिचारिकेची हरकत एवढीच होती की बाळाची पहिली काळी शी झाल्याशिवाय तिला कागद पुढे सरकवता येत नव्हता. रोज सकाळी ती येई आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहून तोच प्रश्न विचारी.

यिनचनने त्या प्रश्नाचे उत्तर गुंगीत ऐकले. तिचे पोट शिवलेले होते, हाताला सलाइन होते, जीभ लाकडासारखी झाली होती.

"झाली का हो काळी शी?"

"झाली तर! डांबरासारखी. काल पहाटेच. मी माझ्या हातानं पुसली," तिची सासू चुनमेइ म्हणाली.

"फडकं ठेवलंत का?"

"फडकं काय फ्रेम करून लावू? तीन पोरं वाढवलीत मी, बाई. तू किती वाढवलीस?"

परिचारिका हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली. यिनचनच्या मनात त्या क्षणी फक्त कृतज्ञता दाटून आली. आपण निपचित पडलो असताना कुणीतरी पहाटे उठून आपल्या लेकराची शी पुसली, यापेक्षा मोठे प्रेम कोणते?

यिनचन तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवीत असे. दरवर्षी ती मुलांना सांगे, की जुन्या राजवटीत दुष्काळाची बातमी खेड्यातून निघे तेव्हा दुष्काळाचीच असे. पण गावच्या मुख्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून प्रांताला जाता जाता प्रत्येक टप्प्यावर ती थोडी सुधारे, आणि राजधानीत पोचेपर्यंत पीक सोळा आणे झालेले असे. मुले हे उतरवून घेत आणि परीक्षेत लिहीत. ही गोष्ट राजवटींचीच असते, घरांची नसते, असा तिचा समज होता.

घरी आल्यावर महिनाभराची बैठक सुरू झाली. बाळंतिणीने महिना पुरा होईतो उंबरा ओलांडायचा नाही, केस धुवायचे नाहीत, थंड पाण्याला बोट लावायचे नाही. वारा हा मुख्य शत्रू. खिडक्यांच्या फटींत चुनमेइने जुन्या चादरींच्या चिंध्या कोंबल्या. यिनचनच्या कपाळाला टॉवेल आवळून बांधला. तिन्ही त्रिकाळ आले घालून तांदळाच्या दारूत शिजवलेली कोंबडी येई. दूध यावे म्हणून डुकराच्या पायांचे भुईमूग घातलेले कढणही येई. दूध आले नाही. शेवटी दुधाच्या पावडरीचा डबा आला.

डबा आला आणि त्याच्याबरोबर त्या घराला सर्व प्रश्नांचे एकच उत्तर मिळाले: उष्णता.

"गाईचं दूध ते," चुनमेइ शेजारच्या लो मावशीला सांगे, "त्यात भट्टीवर वाळवलेलं, त्यात पत्र्यात कोंडलेलं. कोंडलेलं माणूस थंड राहतं का? मग दूध कसं राहील?"

"आमच्या वेळी डबे नव्हते, तर पोरं कशी सटासट करायची," लो मावशी म्हणे. "हल्लीच्या पोरींना छाती आहे ती फक्त फोटोला."

दोघी हसत. भिंतीपलीकडे यिनचन टॉवेल बांधून बसलेली असे आणि तिला ऐकू जाते हे दोघींना ठाऊक असे.

बाळाचे टोपणनाव आ-फू. खरे नाव महिना पुरा झाल्यावर ठेवायचे होते. तो दूध पिई, थोडे टाकी, आणि शी करीत नसे. एक दिवस गेला, दुसरा गेला. पोट फुगून तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे टणक झाले, वरची कातडी तुकतुकीत झाली, निळ्या शिरा दिसू लागल्या. तो पाय पोटाशी घेऊन कण्हे. ते कण्हणे बाळाचे वाटत नसे, जड पोते उचलणाऱ्या म्हाताऱ्याचे वाटे.

तेव्हा चुनमेइने कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाच्या वडीचा एक कोपरा सुरीने कापला. त्याची करंगळीच्या नखाहून बारीक कांडी तासली, कोमट पाण्यात बुडवून गुळगुळीत केली, बाळाला उताणे निजवून पाय वर धरले आणि कांडी आत सरकवली.

पुढे जे झाले त्याची कीर्ती गल्लीभर पसरली. आधी वारा सुटला, फुग्याची गाठ सोडावी तसा. आणि मागोमाग चुनमेइच्या बाहीपर्यंत पिवळी चिळकांडी उडाली. पोट पाहता पाहता सपाट झाले. आ-फूने डोळे मिटले आणि तो झोपला.

"बघ!" बाही पुढे धरून चुनमेइ म्हणाली. तिचा चेहरा खरोखर उजळला होता. "तोफ उडाली की नाही? सगळी उष्णता बाहेर. डॉक्टर याचे किती घेतो माहीत आहे?"

यिनचनही हसली. तिला रडू येईपर्यंत बरे वाटले. आणि हीच त्या उपायातली खरी निर्दयता होती, की तो लागू पडे. खोटे औषध एकदा तरी तोंडघशी पडते. हे पडत नव्हते. कांडीवाचून काही होत नसे आणि कांडीने हमखास होई. त्यावरून अख्खे घर कांडीच्या थोरवीचे अनुमान काढी. कांडीवाचून का होत नाही, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

यिनचनला पडला. पडला तोही उशिरा, एके सकाळी लंगोट धुवायला टाकताना. थंड पाण्याला हात लावायची बंदी होती, बघायची नव्हती.

"आई, ही मऊ आहे."

"काय?"

"शी. उष्णतेनं खडा होतो ना? बकरीच्या लेंड्यांसारखा? ही तर मलमासारखी आहे. मऊ आहे तर बाहेर का येत नाही?"

चुनमेइने लंगोट तिच्या हातातून ओढून घेतला. "शाळेत पोरांना प्रश्न विचारतेस ते पुरे आहेत. मऊ आहे कारण मी शेवंतीचं पाणी पाजते आहे. तुझ्या डब्यावर असता तर आत्तापर्यंत वीट झाली असती."

शेवंतीची वाळलेली फुले उकळून, खडीसाखर घालून ते पाणी बाटलीतून दिले जात होते. प्रत्येक बाटलीला दुधाची एक बाटली कमी होई. आ-फूचे हातपाय काड्या झाले होते, पण ते दुपट्यात असत. दिसे ते पोट. लो मावशी रोज येऊन त्या पोटावर टिचकी मारी.

"हसऱ्या बुद्धाचं पोट आहे गं! आमच्या घरची सगळी पोरं टोळासारखी. हा मोठा होऊन गोदामं भरणार."

खायशेंग, यिनचनचा नवरा, दूर तोंगक्वान शहरात बुटांच्या कारखान्यात मुकादम होता. त्याला सुटी थेट महिना पुरा होण्याच्या जेवणाच्याच वेळी मिळणार होती. तो फोनवर प्रेमाने बोले.

"अगं, मी वाचलं सगळं. डब्याच्या दुधावरच्या बाळांना घट्टच होते. एखादा दिवस नाही झाली तरी चालतं म्हणे."

"याला कांडीशिवाय कधीच होत नाही, आ-शेंग. एकदाही नाही."

"मग कांडी आहे ना? आईचा हात हलका आहे. तू नको जीव जाळूस, दूध आटेल."

"मला दूधच नाहीये."

"तेच म्हणतो," तो म्हणाला, "म्हणूनच जास्त नको जाळूस."

एका दुपारी चुनमेइ बाजाराला गेलेली पाहून यिनचनने रुग्णालयाला फोन लावला. बालविभागातल्या बाईंनी धीर धरून ऐकून घेतले. पोट फुगते का? फुगते. ओकतो का? थोडा. मग त्या म्हणाल्या, "एक नीट सांगा. जन्मल्यावर पहिली काळी शी कधी झाली? पहिल्या दिवशी, की उशिरा?"

"पहिल्याच... मला वाटतं दुसऱ्या पहाटे. मी शुद्धीत नव्हते. सासूबाईंना विचारून सांगते."

त्याच वेळी दार वाजले. चुनमेइने हातातली बदके जमिनीवर ठेवली, फोन घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितले, "वेळेवर झाली. भरपूर झाली. तुमच्याच इथं झाली. तुमच्या पोरीनं लिहूनही घेतली आहे."

तिने फोन परत दिला, तेव्हा पलीकडचा आवाज सैलावला होता. "मग घाबरायचं कारण नाही. डब्याची जात बदलून बघा. पावडर मोजूनच घाला, जास्त दाट करू नका. वरचं पाणी बंद करा. पोट फारच फुगलं, हिरवं ओकला किंवा ताप आला, तर मात्र लगेच घेऊन या."

"हिरवं ओकला तर," यिनचन पुन्हा म्हणाली.

"ऐकलं मी," चुनमेइ म्हणाली. "नवीन डबा आणू. पण माझ्या पाठीमागं फोन करायची काय गरज? मी काय पोराला विष घालते?"

तिने विष घातले नव्हते. ती सूर्योदयापूर्वी उठे, बाळाला छातीशी धरून येरझाऱ्या घाली, त्याचे पोट तेलाने चोळताना त्याच्याशी जुन्या बोलीत गुणगुणे. त्या घरात बाळावर तिच्याइतके प्रेम करणारे दुसरे कुणी होते का, हे यिनचनलाही खात्रीने सांगता आले नसते. माणसाला चूक कबूल करू न देण्यास प्रेमासारखे दुसरे साधन नाही.

महिना संपत आला. जेवणाच्या दिवशी वाटायची अंडी लाल रंगवायला घेतली. दारूचे मोठे मडके उघडले. खायशेंग आला आणि बाळाला उचलून घेत म्हणाला, "पोट केवढं!" आणि मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून, "मस्त आहे."

त्या सकाळी आ-फूने दूध ओकले, आणि ते दूध हिरवे होते, तळ्यावरच्या शेवाळासारखे.

"शेवंतीचा रंग," चुनमेइ म्हणाली.

"शेवंती पिवळी असते, आई."

"पित्त पडलं असेल. उष्णता वरून निघते कधीकधी."

आणि जणू तिच्या बाजूने साक्ष द्यायलाच, दुपारी आ-फूला आपणहून शी झाली. कांडी नाही, तेल नाही. पातळ, फवाऱ्यासारखी, पुन्हा पुन्हा, आणि अशा दुर्गंधीची की लो मावशीने दारातच नाकाला पदर लावावा तशी बाही लावली. पण ती हसत होती. चुनमेइने टाळी वाजवली. "मोकळा झाला! माझा राजा आपल्या आपण मोकळा झाला! उद्या जेवणाला कसा ऐटीत बसेल बघा." खायशेंगने सुटकेचा निःश्वास टाकून सिगरेट पेटवली. घरभर लाल अंडी, दारूचा वास आणि आनंद.

यिनचनने बाळाला उचलले. तो तापला होता. तो रडत नव्हता. पोट सपाट झाले नव्हते. आणखी चढले होते, आणि बोट लावताच तो कळवळला, पण आवाज न करता, फक्त तोंड उघडून.

तिने टॉवेल सोडला आणि चपला पायात घातल्या.

"कुठं?" चुनमेइ दारात आडवी आली.

"मोठ्या दवाखान्यात. जिल्ह्याला."

"उद्या महिना पुरा होतोय! एक दिवस! बाहेर वारा बघ कसला सुटलाय. याला वारा लागला तर? तुला लागला तर जन्मभर हाडं दुखतील, मग म्हणशील सासूनं सांगितलं नाही."

"बाजूला व्हा, आई."

"आ-शेंग! बायकोला सांग!"

खायशेंगने सिगरेट विझवली. त्याने आईकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच त्याला दोघींपैकी एकीला उत्तर द्यावे लागणार होते. "जाऊन... दाखवून तर येऊ," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत परत. आई, तूही चल." चुनमेइने धावत जाऊन रजई आणली आणि बाळाला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळले, वारा जाऊ नये म्हणून. तापलेल्या मुलाला तिने भर दुपारी रजईत गुंडाळले. गाडीच्या काचाही तिनेच वर केल्या. यिनचन रजई दूर सारी आणि चुनमेइ ती पुन्हा झाकी. डोंगरातल्या वळणावळणांच्या रस्त्यावर पूर्ण वेळ हेच चालले होते.

जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यांना थांबावे लागले नाही. रजई उघडताच बाळाला आत नेले गेले, आणि न थांबावे लागणे म्हणजे काय हे यिनचनला लगेच कळले. बऱ्याच वेळाने फाङ नावाच्या शल्यवैद्या बाहेर आल्या. मध्यम वयाच्या, कपाळावर टोपीचा वळ.

"पहिली काळी शी कधी झाली होती?"

तोच प्रश्न. यिनचनच्या तोंडून उत्तर पाठ केल्यासारखे आले. "जन्मल्यावर दुसऱ्या पहाटे."

"नक्की? कारण मी जे बघते आहे त्याच्याशी ते जुळत नाही."

मग चुनमेइ, हातातल्या रिकाम्या रजईकडे बघत, इतक्या हळू बोलली की डॉक्टरांना वाकावे लागले.

"घरी आल्यावर झाली. चौथ्या दिवशी. तीही कांडीनं, पहाटे, ही झोपलेली असताना."

"चौथ्या दिवशी," डॉ. फाङ म्हणाल्या.

"तिसरा दिवस घरी यायला चांगला होता. नंतर बरेच दिवस वाईट होते. एका शीसाठी... होतेच ना शेवटी? झालीच ना?"

खायशेंग भिंतीकडे वळला. यिनचन सासूकडे बघत राहिली. तिला राग येईल असे वाटले होते. आली ती एक विचित्र स्पष्टता. ज्या फडक्याबद्दल तिने कृतज्ञतेने डोळे मिटले होते ते फडके कधी नव्हतेच.

डॉ. फाङ यांनी सांगितले ते सोपे होते. काही बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतू नसतात. तो भाग ढकलत नाही. मागे सगळे तुंबत राहते. कांडी घातली की दार तेवढ्यापुरते उघडते आणि तुंबलेले सुटते. दूध डब्याचे असो की आईचे, फरक पडत नाही. असली तोफ उडणे हा इलाज नव्हे, ती खूण आहे. वेळेवर कळले तर शस्त्रक्रिया होते आणि मूल शाळेत जाते, भांडते, लग्न करते. आता आतडे सडले होते आणि विष रक्तात गेले होते. पातळ शी झाली ती मोकळा झाला म्हणून नव्हे.

"मग ऑपरेशन करा ना," खायशेंग म्हणाला.

"करते आहे," त्या म्हणाल्या. "पण आशा धरा असं मी तुम्हाला सांगणार नाही."

महिना पुरा झाला त्या सकाळी आ-फू गेला. त्याला खरे नाव मिळाले नाही. नाव न ठेवलेल्या मुलाचे विधी करायचे नसतात, घरात रडायचे नसते, जागा लक्षात ठेवायची नसते. खायशेंग आणि त्याचा चुलतभाऊ त्याला डोंगरावर घेऊन गेले आणि कुठे ते विचारू नये अशी रीत होती. आईने जायचे नसते. यिनचन गेली नाही. स्वयंपाकघरात परातीत लाल अंडी होती. ती टाकणे अशुभ आणि वाटणेही अशुभ, म्हणून घरच्यांनी ती दार लावून, मिठाबरोबर खाल्ली. रंग बोटांना लागला आणि काही दिवस राहिला.

चुनमेइ पुष्कळ दिवस अंथरुणातून उठली नाही. एके दिवशी उठली तेव्हा तिच्याजवळ एक वाक्य तयार होते. ते तिने आधी लो मावशीला सांगितले आणि सांगताना ती खरोखर रडत होती.

"एक दिवस उरला होता गं. पोर आपल्या आपण मोकळं झालं होतं, तू पाहिलंस ना? हिनं वाऱ्यात नेलं."

"मी पाहिलं," लो मावशी म्हणाली. "मी स्वतः पाहिलं."

वाक्य गल्लीतून बाजारात गेले, बाजारातून शाळेत. प्रत्येक टप्प्यावर थोडे सुधारत गेले. शाळेत पोचले तेव्हा त्यात असे होते की शिकलेल्या बाईने सासूचे न ऐकता महिना मोडला, केसही धुतले होते. खायशेंग तोंगक्वानला परतला. जाण्यापूर्वी यिनचनने त्याला विचारले, "डॉक्टर काय म्हणाल्या ते तू ऐकलंस. आईला गल्लीत खरं सांगायला सांगशील?" तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. "ती मरेल गं," तो म्हणाला. "तू तरुण आहेस. तुला होईल दुसरं."

वसंतात लो मावशीच्या सुनेला मुलगी झाली. दूध कमी, म्हणून डबा आला. दोन दिवस शी नाही. मुलगी लालबुंद होऊन कुंथत होती. हाक आली आणि चुनमेइ पिवळ्या साबणाची वडी आणि सुरी घेऊन निघाली. तिच्या मागून यिनचन निघाली.

लो मावशीने तिला दारातच अडवले. "तू नको, बाळा. राग मानू नकोस. ओल्या बाळंतिणीची खोली आहे."

"मला आत यायचं नाही. फक्त एक विचारायचं आहे. पहिली काळी शी कधी झाली होती?"

लो मावशीचा चेहरा बदलला. "असलं विचारतात का? तुझ्या तोंडून? आमच्या पोरीचं सगळं वेळेवर झालं. पहिल्याच दिवशी."

"कुणी पाहिली?"

"मी पाहिली! माझ्या हातानं पुसली!"

यिनचन उभी राहिली. तिच्यासमोर एक बाई होती, जी कदाचित खरे बोलत होती. खरे आणि खोटे दोन्ही याच आवाजात, याच शब्दांत बोलले जाते, आणि ओळखायला बाहेरच्या माणसाजवळ काहीही नसते.

आतून कुंथण्याचा आवाज आला, मग चुनमेइचे गुणगुणणे. मग आनंदाचा कल्लोळ झाला. "खडा! बघा केवढा खडा!" सुनेचे हसू ऐकू आले, बाळाचे मोकळे, निरोगी, संतापलेले रडणे ऐकू आले. साधा मलावरोध होता तो. दाट कालवलेल्या दुधाचा, कुठल्याही घरातला. पावडर मोजून घातली असती तरी गेला असता. मुलगी ठणठणीत होती आणि पुढेही राहिली.

चुनमेइ हात पुसत बाहेर आली. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा उजळला होता. ती यिनचनजवळ थांबली आणि, तिच्या दृष्टीने, तिने क्षमाच केली.

"पाहिलंस?" ती मायेने म्हणाली. "उष्णताच असते ती. कधी चुकत नाही. आ-फूलाही गुण येतच होता." तिने वडीचा उरलेला तुकडा यिनचनच्या हातात दिला. "चल घरी. हात धुऊन घे, जेवायला बसू."